काचकड्याची खिडकी

सवतीचं नाक मी हजार नाकांत ओळखीन. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या चार बोटांच्या खिडकीवर ते तेलकट उमटलेलं होतं, शेंड्याला चपटं, एका अंगाला कललेलं. भोवती श्वासाचा गोल वाळून गेला होता. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं म्हणून दिसलं, नाहीतर दिसलंही नसतं. हातात फडकं घेऊन मी नुसती उभी राहिले. म्हणजे ही बया इथवर आली! गढीखालच्या आमच्या खोलीपासून त्र्यंबक रोडवरच्या ह्या दवाखान्यापर्यंत, चार पावलं टाकली की धाप लागते ती, काल मी आत रोग्यांची भांडी घासत असताना चालत आली, फाटकातून शिरली, ओट्यावर चढली आणि खिडकीला नाक लावून आत बघत बसली. काय बघत होती ते मला सांगायला नको. आतली खाट बघत होती. ती खाट तुझी, असं तिला मीच सांगितलं होतं. कुठल्या मेल्या मुहूर्तावर सांगितलं कोण जाणे.

दवाखाना क्षयाचा. जुन्या कौलारू चाळीत खाटा कमी आणि खोकणारे फार, म्हणून मुंबईचे एक शेठ मागच्या माळावर मोठी इमारत बांधून देणार होते, आणि ती बांधून होईस्तोवर देणगीदारांना दिसावी म्हणून डॉक्टरसाहेबांनी अंगणात तिचा नमुना करून ठेवला होता. सागवानी लाकडाचा, दोन मजली, ओट्यावर तिवईवर ठेवलेला, समोर उभं राहिलं की छप्पर माझ्या कपाळाला येईल असा. खाली व्हरांडा, वर व्हरांडा, ओळीनं खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीआड काड्यांची एक खाट. जुन्या नाशकातल्या हारुन मिस्त्रीनं केलेला. खिडक्यांना खरी काच लावायची तर इतकी पातळ कापताना फुटायची, म्हणून त्यानं काचकडं लावलं. जत्रेत बाहुल्या मिळतात ना, हलक्या, गुलाबी गालांच्या, त्याच जातीचं, फक्त ह्याच्यातून आरपार दिसतं. आणि ते दिसत राहावं हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी भागीबाई, इथली आया. रोग्यांच्या ओकाऱ्या काढून झाल्या की नमुन्याच्या खिडक्या पुसायच्या. मला ते दुसरं काम आवडायचं, कशाला खोटं बोलू? आतली माणसं पुसून पुसून काही चकचकीत होत नाहीत.

हारुन मिस्त्री जाताना म्हणाला होता, "बाई, ही काच नाय. हिला रुसायला लय आवडतं." खरंच तसं होतं. दुपारचं ऊन लागलं की पिवळी पडायची, म्हणून ते डोक्यावर आलं की नमुन्यावर पोतं घालायचं. पहाटेचं दव पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. मग जुन्या धोतराचं मऊ फडकं रिठ्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, वरून खाली एकाच बाजूनं फिरवायचं. गरम पाणी नाही, दवाखान्यातलं स्पिरीट तर मुळीच नाही, त्यानं ती पांढरी फटक पडते. आणि छपराखाली एक खुंटी घालून बोटभर फट ठेवायची, आतली वाफ बाहेर जायला. एकदा पावसाळी हवेत मी खुंटी घालायला विसरले तर सगळ्या खिडक्यांना आतून घाम फुटला, आणि तो वाळला तेव्हा साय धरल्यासारखा पांढुरका थर बसला. छप्पर उचलून, आत हात घालून, खाटा न मोडता तो काढताना माझी मान धरली. मिस्त्रीनं बजावलं होतं, मळ कसलाही निघेल बाई, चरा पडला तर मात्र माझ्याकडे येऊ नका. बाहेरची वेगळीच कटकट. त्र्यंबकला निघालेल्या बायका देऊळ समजून कुंकू लावून जायच्या. एक तर खाली तांदूळ ठेवून चांगली हात जोडून उभी राहिली होती. मी म्हटलं, अगं बाई, ह्यात देव नाही, खोकणारी माणसं राहणार आहेत. तर म्हणते, मग तर लावायलाच पाहिजे. तिचं कुंकू मी रिठ्यानं पुसून काढलं. नवस कुणाचा का असेना, पुसायला एकच फडकं.

ज्या खाटेचं नक्की झालं तिच्यावर डॉक्टरसाहेब लाल फलाटणीचा तुकडा घालायचे. बोटाएवढं पांघरूण. ते पाहिलं की खाली वाट बघत बसलेल्या नातेवाईकांच्या डोळ्यांत काय यायचं! जणू माणूस बराच झाला. लाल पांघरुणं वाढत गेली, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यातली एक खाट उघडी राहिली. एका दुपारी मी नमुन्यावर पोतं घालत असताना डॉक्टरसाहेब जवळ येऊन म्हणाले, "भागीबाई, ही खाट मी आपल्या नोकरमाणसांसाठी ठेवली आहे. कुणाच्या घरात आजारी असेल तर शेठजी येतील त्या दिवशी नाव सांगा. त्या दिवशी पांघरूण पडलं की यादी बंद. मग माझ्याही हातात काही राहणार नाही." माझ्या तोंडून "साहेब, आमच्यात एक..." एवढं निघालं आणि पुढचं अडकलं. साहेब थांबले, मग त्यांना आतून हाक आली म्हणून गेले. मी पोत्याचं टोक हातात धरून उभी. एक नाव घ्यायचं होतं. नवऱ्याचं नाव घेताना लाजतात तशी मी सवतीचं नाव घेताना अडले, आणि लाजेचा तर तिथं पत्ता नव्हता.

भिमा हरसूलकडची. माझ्या लग्नानंतर पाळणा हलला नाही म्हणून तिला आणली. ठीक आहे, आणतात. आमच्या मालकाला बहिरू म्हणतात. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण मेलेल्या बाईला कसला आलाय विधिनिषेध? हो, मी मेलेली आहे. थट्टा नाही. आमच्यात पहिली बायको वारली की दुसरी तिचा चांदीचा टाक करून गळ्यात घालते, म्हणजे मेलेलीचा जीव संसारात घुटमळत नाही. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास टाकापुढे. ह्यात वाईट काही नाही, फक्त पहिली मेलेली पाहिजे. पेठकडच्या कुण्या भगतानं सासूला सांगितलं, थोरलीची सावली आडवी येते, धाकटीची कूस भरायला हवी तर थोरली मेली असं धरून चाला. सासूनं धरलं. मला बरोबर घेऊन सराफात गेली, कारण येताना बाजारहाट करायचा होता आणि पिशवी उचलायला कुणीतरी हवंच. सोनारानं विचारलं, बाई दिसायला कशी होती? सासू म्हणाली, होती आपली, हिच्याच अंगलोटाची. सोनारानं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. नाक? हिच्यासारखंच. गरीब बिचारी, कशानं गेली? सासू म्हणाली, गेली अशीच. आणि मी वांग्यांची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मला हसू आलं. रडले असते तर मेलेली बाई रडते कशी, असं झालं असतं.

मग तो टाक भिमाच्या गळ्यात पडला. पोरगी साधी, इतकी साधी की तिचा राग करताना आपलीच दमछाक व्हावी. रोज चुलीतली राख आणि चिंचेचं बुटुक घेऊन टाक घासायची. आरशासारखा लखलखीत करायची. मग पानावर बसली की बोटभर घास त्याच्यापुढे ठेवून डोळे मिटून पुटपुटायची, "अक्का, जेवा." आणि मी, अक्का, दोन हातांवर बसून माझी भाकरी चावत असायची. मेलेल्याचा घास अळणी असतो. भाजीत मीठ पडायच्या आधी तो वेगळा काढायचा, आणि स्वयंपाक माझ्याकडे, म्हणजे माझा घास रोज मीच काढायची. मग तो कावळ्याला जायचा. एकदा उपासानं पोटात आग पडली होती तेव्हा मी तो उचलून तोंडात टाकला. बेचव, मातीसारखा. सासूनं पाठीत असा धपाटा घातला की घास घशात अडकला. "मेल्यावरसुद्धा हाव सुटत नाही रांडेची!" म्हणाली. मालक समोर बसले होते. पाण्याचा तांब्या उचलून प्यायले, खाली ठेवला. भिमा रडायला लागली. तिच्या त्या रडण्याचा मला धपाट्याहून जास्त संताप आला. मार मला, आणि डोळे हिचे गळणार! माझं रडणंसुद्धा हिनं उचललं.

भिमालाही मूल झालं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, सासूचे अंगारे धुपारे झाले, आणि तिची कूस कोरडी ती कोरडीच. मला इतका आनंद झाला की मी भद्रकालीच्या देवळात जाऊन पेढे ठेवले आणि कशासाठी ते पुजाऱ्याला सांगितलं नाही. सासू मेली ती हिला शिव्या देत मेली, मला नाही. ट्राम बंद पडल्यावर मालकांचं तिथलं काम गेलं, त्यांनी टांगा केला, आणि भिमाला खोकला लागला तसे ते टांगा घेऊन पिंपळगाव बसवंतला जे गेले ते तिकडचेच झाले. खोकल्याला भिणारा मर्द! राहिलो आम्ही दोघी. एक मेलेली आणि एक मरायला लागलेली. मी एकदा तिला म्हटलं, आता कुणासाठी घालतेस तो टाक? म्हातारी गेली, काढून टाक की. तर दोन्ही हातांनी छातीशी धरला. "नाय अक्का. काढला आन् तुमाला काय झालं तर?" इतकी वर्षं ती मला मेलेली म्हणून पूजत होती, ती मी जिवंत राहावं म्हणून. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. कुणी उघड वैरी असतं तर बरं. वैऱ्याशी भांडता येतं.

एका तिन्हीसांजेला तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. थुंकायला ठेवलेल्या राखेच्या खापरात लाल पडलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं आणि दोघींनी पाहिलं नसल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "अक्का, मी मरनार का वं?" मी चूल फुंकत होते. डोळ्यांत धूर गेला होता, डोकं उठलं होतं, सरळ बोलायची ताकद नव्हती आणि खोटं बोलायला फारशी लागत नाही. म्हटलं, मरतेस कशाला, आमच्याकडे माळावर महाल उठतोय, वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खाट तुझी आहे. झोप आता. बस, एवढंच. तिला गप्प करायला फेकलेला तुकडा. पण तो तिनं असा झेलला की दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. खिडकीतून काय दिसतं अक्का? माळ दिसतो. आन् डोंगर? दिसत असेल. ब्रह्मगिरी दिसतो का? अगं, काड्यांची खाट आहे ती, तिला कुठला आलाय ब्रह्मगिरी! तर म्हणाली, "मंग खिडकी नीट पुसत जावा, माझं गाव त्याच अंगाला हाय." मी भाकरी थापत होते. हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि माझ्या मनात आलं, माग, माग बाई, आता माग. माझ्या हातात आहे. हे जे वाटलं ते गोड होतं. गुळाचा खडा दाढेत धरून ठेवावा तसं मी ते धरून ठेवलं, विरघळू दिलं नाही.

म्हणून त्या सकाळी तिच्या नाकाचा ठसा पाहिला तेव्हा मी रिठ्याचं फडकं फिरवायला उशीर केला. तिची उंची खिडकीला पुरत नव्हती, म्हणजे ती टाचा उंचावून उभी राहिली असणार. मी तिच्याच जागी उभी राहिले आणि आत पाहिलं. इतके दिवस खिडक्या पुसल्या, पण आत असं कधी पाहिलं नव्हतं, फक्त दिसतंय का एवढंच पाहिलं होतं. खाट, खाटेशेजारी काडेपेटीएवढं टेबल, त्यावर मिस्त्रीनं हौसेनं कोरलेला इवलासा पेला, आणि पलीकडच्या भिंतीवर मागच्या खिडकीतून आलेलं उन्हाचं ठिगळ. मला तिथं निजावंसं वाटलं. खरंच सांगते, मला, धडधाकट बाईला, त्या खाटेवर पडावं आणि कुणीतरी माझ्या तोंडाला पेला लावावा असं वाटलं. माझ्यासाठी असं कुणी, कधी, कुठं काही मांडून ठेवलं होतं? एक चांदीचा पत्रा, बस्स. मी फडकं उचललं आणि ठसा पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत होता. मी परत पुसला. मी घरून निघाले की ती निघायची, आडरस्त्यानं, बसत उठत, आणि मी परत यायच्या आत घरी जाऊन पडलेली असायची, पायांना धूळ, चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज. तापाचं असेल. मला ते तेज बघवत नव्हतं आणि एखाद्या दिवशी ठसा नसला की चैनही पडत नव्हती.

शेठजी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, सांगायचं. उगाच पुण्य म्हणून नाही. तिच्या खोकल्यानं माझी झोप गेली होती, हेही होतं. आणि असंही वाटलं की ती खाटेवर जाऊन पडली की रोज मी तिला पाणी देईन, पुसून काढीन, आणि तिला रोज कळेल की हे भागीनं दिलं, जिवंत भागीनं. टाकानं नाही. मी वाक्यसुद्धा जुळवलं. साहेब, माझ्या घरात आजारी आहे, भिमाबाई नाव, माझी सवत. तीन तुकड्यांचं वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या वाटेवर मी ते जपासारखं म्हणत गेले आणि मला हलकं वाटत होतं. गोटीराम माळी फाटकाशी तोरण बांधत होता. आमच्याच गल्लीतला, त्याला आमच्या घरातलं सगळं माहीत. "भागीबाई, आज खुशीत?" म्हणाला. मी म्हटलं, तुझं काय जातंय? त्याचा एक मेव्हणा खोकत होता, हे मला ठाऊक होतं, आणि मी नाव घातलं नाही तर ती खाट कुणाला जाणार हे त्यालाही ठाऊक होतं. मी खिडक्या टिपल्या, पुसल्या. एकूण एक स्वच्छ. आतली लाल पांघरुणं रस्त्यावरूनही दिसावीत अशा. मग आत भांडी आवरायला गेले.

बाहेर आले तर ओट्यावर भिमा. मान वाकडी करून, जीव लावून, काहीतरी घासत होती. पदराच्या गाठीत चुलीतली राख, बोटांत चिंचेचं बुटुक. कोपऱ्यातली खिडकी तिनं राख घेऊन गोल गोल घासली होती, जशी रोज टाक घासते तशी, दात ओठ खाऊन. काचकडं पांढरं झालं होतं. चरेच चरे, चऱ्यांत राख, कडेनं चिंचेचा काळपट ओघळ. आतलं काही दिसत नव्हतं, खाट नाही, पेला नाही, काही नाही. मला बघून ती हसली. धाप लागलेली, कपाळावर घाम. "अक्का, आज पावने येनार ना. तुमचे हात दुखत्यात रोज पुसून, म्हून मी घासलं. आजून चकाकलं नाय, पर वाळलं का चकाकंल." आणि ती सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या गळ्यात टाक हलला. त्याच राखेनं, त्याच चिंचेनं आधी तो घासून आली होती. असा लखलखत होता की त्याच्यावरचं ऊन माझ्या डोळ्यांत घुसलं. चांदीतली ती बाई, माझ्या अंगलोटाची, माझ्या नाकाची, चकचकीत, समाधानी, मेलेली. आणि माझी खिडकी आंधळी. ह्या पोरीनं आयुष्यभर माझी मेलेलीची मूर्ती तेवढी उजळत ठेवली, आणि जिवंतपणी माझं म्हणून जे काही होतं त्याला हात लावला की चरा पाडला. नवरा, घास, रडणं, आणि आता ही चार बोटांची जागासुद्धा. मला तिचा गळा धरावासा वाटला. पण अंगणात माणसं होती.

डॉक्टरसाहेब पायऱ्या उतरून आले, हातात लाल फलाटणीचा शेवटचा तुकडा. "अरे, हे काय झालं? ही बाई कोण?" त्यांचा आवाज चढला. मी म्हटलं, "वाटेवरची आहे साहेब. त्र्यंबकला चाललेली. देऊळ समजून घासलं तिनं." हे इतकं सहज निघालं की मी स्वतःच ऐकत राहिले. गोटीराम तोरणाची दोरी बांधत होता, तो गाठ बांधतच राहिला. साहेबांनी खिडकीवरून बोट फिरवलं, चुकचुकले, घड्याळ पाहिलं. "असू दे, कोपऱ्यातलीच आहे. मिस्त्रीला सांगून नंतर बदलू." मग छप्पर उचललं आणि माझ्याकडे वळले. "भागीबाई, तुम्ही मागे काही सांगणार होता. घरात आजारी आहे का कुणी?" भिमा ओट्याखाली उतरून उभी होती, राखेचे हात अंगापासून लांब धरून, कपड्याला लागू नयेत म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. देवळात गाभाऱ्याचा पडदा बाजूला व्हायची वाट बघतात तसं पाहिलं. माझं तीन तुकड्यांचं वाक्य तोंडात तयार होतं. मी तोंड उघडलं.

"एक सवत होती साहेब," मी म्हणाले. "मेली."

"अरेरे," साहेब म्हणाले. खरंच त्यांना वाईट वाटलं. "आधी सांगायचं नाही का? कधी?"

"झाले दिवस."

त्याच वेळी भिमाला उबळ आली. मला दिसली ना, पोटातून वर चढताना दिसली. तिनं राखेसकट पदराचा बोळा तोंडात कोंबला. मान ताठ, डोळे बाहेर आलेले, त्यांतून पाणी, खांदे गदागदा हलताहेत आणि आवाज नाही. एक खोकला बाहेर पडला असता तर साहेबांनी ओळखलं असतं, त्यांचा जन्म गेला तो आवाज ऐकण्यात. तिनं तो गिळला. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून गिळला. साहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, तू कुणाची गं? बरोबर कुणी आहे का?" तिनं बोळा काढला, हळूच श्वास घेतला, आणि म्हणाली, "कुनाची नाय." मग वाकून नमुन्याला राखेच्या हातांनी नमस्कार केला आणि फाटकाबाहेर गेली. वळणापलीकडे गेल्यावर खोकला ऐकू आला, पुष्कळ वेळ येत राहिला. गोटीराम तेवढ्यात पुढे सरकून म्हणाला, "साहेब, माझा मेव्हणा हाय." साहेबांनी लाल तुकडा खाटेवर पसरला, दोन बोटांनी कडा सारख्या केल्या, छप्पर खाली ठेवलं. शेठजींची मोटार आली. त्यांच्या बाई एकेका खिडकीशी वाकून बघत होत्या आणि म्हणत होत्या, किती स्वच्छ ठेवलंय हो. कोपऱ्याशी आल्या तेव्हा म्हणाल्या, इथलं दिसत नाही. साहेब म्हणाले, तिथं निराळं काही नाही, सगळ्यांसारखंच आहे. मी छपराखाली खुंटी घातली. अशा वेळीसुद्धा विसरले नाही.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. वाटेत मी तयारी केली होती, ती शिव्या देईल, भिंतीवर डोकं आपटेल, गल्ली गोळा करील. करू दे, मग मलाही बोलता येईल, इतक्या वर्षांचं बोलता येईल. पण ती भिंतीला टेकून बसली होती, हात धुतलेले. टाक गळ्यात नव्हता. खुंटीला दोरा लटकत होता आणि दोऱ्याला टाक. काढला आन् तुमाला काय झालं तर, हे तिचं बोलणं आठवलं. मी चूल पेटवली, भाकरी थापल्या, डाळीचं पातळ कोरड्यास शिजत घातलं. मिठाची वाटी हातात घेतली आणि पाहिलं तर मी मीठ घालायच्या आधीच चमचाभर कोरड्यास बाजूला काढून ठेवलं होतं. हाताची सवय. कुणासाठी काढलं, हे हाताला कुठं ठाऊक? मी दोघींची पानं घेतली. भिमा सरकत पानावर आली. तिनं पुढ्यात घास ठेवला नाही, डोळे मिटले नाहीत.

"घास नाही ठेवलास?" मीच विचारलं.

"आता कुनाला ठिवू? तुमी जित्या हाय ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मी शोधला, नव्हता. "मेली ती मी. मंग घास मला लागतो."

तिनं हात पुढे केला. तळवा उघडा, चिंचेनं बोटांची टोकं काळी पडलेली. माझ्या मनात आलं, आत्ता उठावं, तिला पाठुंगळी घ्यावं, दवाखान्यात जाऊन साहेबांच्या पायावर घालावं आणि सांगावं, साहेब, ही बघा मेलेली. पण यादी बंद झाली होती, त्या खाटेवर गोटीरामच्या मेव्हण्याचं लाल पांघरूण पडलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझे पाय उठले नाहीत. मी भाकरीचा तुकडा मोडला, बाजूला काढलेल्या कोरड्याशात बुडवला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो तोंडात घातला. सावकाश चावला, गिळताना जड गेला, पण गिळला.

"अळणी लागतंय, अक्का," ती म्हणाली.

"सवय होते," मी म्हणाले, आणि दुसरा घास मोडला.